फळमाश्यांच्या टेबलामागे कोण उभं राहणार

निघण्याआधी

निपाणीत आमची एकच खोली होती आणि तिच्यात आमच्याइतकाच हक्कानं तंबाखूचा वास राहायचा. आई वखारीत तंबाखू चाळायला जायची. संध्याकाळी ती दारात आली की आम्ही तिघी बहिणी तिला तिथंच थांबवून ओल्या फडक्यानं तिचं लुगडं पुसून घ्यायचो, नाहीतर धाकटी शिंकून शिंकून बेजार व्हायची. वडील मी चौथीत असताना गेले. त्यानंतर भाकरी थापणारा हात आणि तंबाखू चाळणारा हात एकच होता, त्यामुळं भाकरीला काय चव असायची ते सांगत नाही.

आईनं एक मार्ग ठरवून ठेवला होता. थोरली मंगलअक्का सतरा वर्षांची झाली की तिला आपल्या सगळ्यात धाकट्या भावाला द्यायची. आमच्याकडं त्यात वावगं काही नव्हतं. मामाला पोरगी देतात, पोरगी घरातच राहते. त्यात मामाला धारवाडला एका मोठ्या शिक्षणसंस्थेत, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, अटेंडरची पक्की नोकरी लागलेली. मामा आले, उंबऱ्यावर बसले आणि म्हणाले, "नको, आक्का." का नको, ते त्यांना सांगता आलं नाही. सरकारी पगारानं डोकं फिरलं, असं समजून आई त्यांच्याशी पाच वर्षं बोलली नाही. मामा मात्र दर जूनमध्ये एसटीच्या टपावर टाकून माझ्यासाठी जुनी पुस्तकं पाठवत राहिले. मी बीएस्सी झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी अभिमानानं लिहिते, कुणाला टोचलं तर टोचू दे.

आता मी इचलकरंजीत रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबमध्ये आहे. आई जाऊन बरीच वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात मामांचा फोन आला. "शालू, मी या महिन्यात रिटायर होतोय. आमच्यात खुला दिवस असतो बघ, बाहेरची माणसं प्रयोगशाळा बघायला येतात. साहेब म्हणालेत, परशुराम, यंदा माश्यांच्या टेबलामागं तू उभा राहा, तू सांग. येशील काय?"

तीस-बत्तीस वर्षं त्या माश्या सांभाळलेला माणूस एकदा त्यांच्याबद्दल बोलणार होता. मी रजा टाकली.

शुक्रवार, धारवाड

धारवाडला उतरलं की पहिल्यांदा जाणवते ती सावली. आमच्या इचलकरंजीत झाड शोधावं लागतं, इथं घर शोधावं लागतं, इतकी झाडं. दुसरं जाणवतं ते बोलणं. सुभाष रोडवर मी मामीसाठी गजरा घ्यायला थांबले, मराठीत भाव विचारला, फुलवालीनं कानडीत सांगितला, शेजारचा भांड्यांचा दुकानदार आपल्या बायकोशी मराठीत आणि गिऱ्हाइकाशी कानडीत एकाच दमात भांडत होता. कुणालाच त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

मामीनं जेवायला कडक रोट्टी वाढली. आपल्याकडं भाकरी तव्यावरून ताटात आली नाही तर माणूस रुसतो. इथं ती पापडासारखी वाळवून चळत लावून ठेवतात आणि आठवड्यानंतरही कौतुकानं खातात. बरोबर भरलं वांगं, शेंगाचटणी, दही. मी चार रोट्ट्या मोडल्या.

दुपारी मामा मला प्रयोगशाळेत घेऊन गेले. फळमाशी म्हणजे केळं जास्त पिकलं की त्याच्यावर घोंघावते ती बारकी, तिळाएवढी माशी. तिच्यावरून आनुवंशिकता शिकतात, म्हणजे आईबापाचं काय मुलांत उतरतं ते. ती दहा-बारा दिवसांत अंड्यातून माशी होते, म्हणून एका उन्हाळ्यात पिढ्याच्या पिढ्या बघता येतात. मामा तिचं जेवण शिजवत होते. मोठ्या पातेल्यात गूळ विरघळवलेला, त्यात रवा, घट्ट व्हायला अगर, वरून यीस्ट, आणि बुरशी धरू नये म्हणून थोडं ॲसिड.

"हा तर शिरा झाला की, मामा."

"शिराच. तूप नाही एवढंच. तुझी मामी म्हणते, घरात कधी पळी हातात धरली नाही आणि माश्यांना रोज गोड करून घालतोय."

टेबलावर मांडायच्या काचेच्या बाटल्या त्यांनी लावून ठेवल्या होत्या. लाल डोळ्यांच्या माश्या, पांढऱ्या डोळ्यांच्या, पिवळ्या अंगाच्या, आणि आखूड पंखांच्या, ज्यांना उडता येत नाही, नुसत्या चालतात. प्रत्येक जातीची एक बाटली आणि एक जोड. "जोड कायम वेगळ्या खोलीत," मामा म्हणाले. "एक मेली तर दुसरी पाहिजे. हा इथला पहिला नियम."

तेवढ्यात विभागप्रमुख आले. उंच, चांगले कपडे, परदेशात ज्यांचे लेख छापतात असे. सौम्या नावाची संशोधन करणारी मुलगी मागे वही घेऊन. साहेबांनी टेबल बघितलं आणि कपाळाला आठी घातली. "रिकामं दिसतंय. पाहुणे येणार आहेत. जोडाच्या बाटल्याही मांडा."

"सर, जोड एकत्र नको," मामा म्हणाले.

"परशुराम, एका रात्रीत काय होतंय? टेबल भरलेलं दिसलं पाहिजे."

आतल्या खोलीत संशोधनाचे खास वाण कुलपात होते, त्यांना हात लावायचा नाही. दाखवायच्या सगळ्या जाती, जोडासकट, प्रदर्शनाच्या हॉलमध्ये गेल्या. हॉलच्या दारावर कामाची यादी चिकटवलेली होती. माश्यांचं टेबल: तीन प्राध्यापकांची नावं. सगळ्यात खाली: चहा-पाणी, परशुराम.

मी यादीवर बोट ठेवून मामांकडं बघितलं. ते म्हणाले, "असू दे. साहेब विसरले असतील."

"मग आठवण करा."

"असू दे म्हटलं ना."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण ते त्यांचं ऑफिस होतं, मी पाहुणी होते. खऱ्याखुऱ्या भांडणाला अजून सकाळ व्हायची होती.

हॉलमध्ये पोस्टर लावत होते. तीसेक पोस्टर, सगळी इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं. मी सौम्याला विचारलं, "हे बघायला कोण येणार?"

"गावातले लोक, अक्का. शाळा, बचत गटाच्या बायका, बाजारातली माणसं."

"त्यांना हे कळेल?"

ती खाली बघून म्हणाली, "साहेब म्हणतात, सोपं केलं की चुकीचं होतं."

हे वाक्य मी पूर्वीही ऐकलंय. आमच्या लॅबमध्ये यंत्रमागावर काम करणारी माणसं रिपोर्ट हातात घेऊन उभी राहतात. मी सांगते, हा आकडा उपाशीपोटीचा, हा जेवल्यावरचा, दुसरा जास्त आहे म्हणून डॉक्टर भात कमी कर म्हणतात. यात मी काय चुकीचं केलं? दोन मिनिटं जातात, एवढंच. सोपं करून सांगायला आधी स्वतःला पुरतं कळावं लागतं, आणि समोरच्याच्या खांद्यावर डोकं आहे असं मानावं लागतं. दुसरी गोष्ट बऱ्याच शिकलेल्यांना जड जाते.

शनिवार, सकाळी आठ

हॉलचं दार उघडलं आणि फवाऱ्याचा वास नाकात गेला. मामा धावले. मीही.

सगळ्या बाटल्या होत्या तशा होत्या. तळाशी माश्या पडलेल्या, चहाच्या भुकटीसारख्या. बाटलीला कापसाचा बोळा असतो, हवा जावी म्हणून. हवा जाते तसा फवाराही जातो.

झालं होतं ते असं. शुक्रवारी संध्याकाळी कार्यालयाचे अधीक्षक हॉल बघायला आले. बाटल्या लावताना सुटलेल्या पाच-सहा माश्या दिव्याभोवती फिरत होत्या. पाहुण्यांसमोर हॉलमध्ये माश्या? त्यांनी सफाईवाल्यांना सांगितलं, दारं-खिडक्या लावा आणि चांगलं फवारून घ्या. माश्यांचं प्रदर्शन ज्या हॉलमध्ये, त्या हॉलमध्ये माश्या मारण्याचा फवारा! एवढी मोठी इमारत, एवढे डॉक्टरेटवाले, आणि तिच्याच कार्यालयाला आत काय चालतं ते कुणी कधी सांगितलेलं नाही. गावाला विज्ञान समजावून सांगायला निघालेत.

विभागप्रमुख आले, त्यांनी बाटल्या बघितल्या आणि पहिलं वाक्य काय बोलले असतील? "परशुराम, तुझं लक्ष कुठं होतं?"

मामांनी मान खाली घातली. मी गप्प राहू शकले नाही.

"सर, ते पाचला घरी गेले, कारण यादीत ते चहावर होते, माश्यांवर नाही. आणि जोड बाहेर काढू नका म्हणणारा या हॉलमध्ये एकच माणूस होता."

"आपण कोण?"

"त्यांची भाची. बीएस्सी."

ते "बीएस्सी" मी उगाच म्हटलं. पण तोंडातून गेलं.

साहेब खुर्चीत बसले. साडेबाराला प्रमुख पाहुणे, बाहेर लोक जमायला लागलेले, आणि टेबलावर मेलेल्या माश्या. सौम्या रडकुंडीला आलेली. तेव्हा मामा हळूच म्हणाले, "सर, जुन्या हुबळीतल्या कॉलेजात आहेत. त्यांच्या प्रॅक्टिकलसाठी मीच लावून दिल्यात. आखूड पंखांच्या तर तिन्ही पिढ्या आहेत. आत्ता निघालो तर साडेबारापर्यंत आणतो."

"जा, जा, लगेच जा!"

मामा निघाले. मी निघाले नाही. म्हटलं, "सर, माश्या येतील. पण आणणारा माणूस चहाकडं जाणार नाही. तो टेबलामागं उभा राहील. तुम्हीच त्यांना तसं सांगितलं होतं, म्हणून त्यांनी मला बोलावलं."

"मॅडम, हा विज्ञानाचा कार्यक्रम आहे."

"म्हणूनच म्हणते."

"शालू, गप," मामा दारातून म्हणाले. कानापर्यंत लाल झाले होते. बत्तीस वर्षांत त्यांनी साहेबांपुढं आवाज काढला नव्हता आणि भाची शब्द मागत होती. साहेबांनी घड्याळ बघितलं. सौम्या म्हणाली, "सर, परशुरामअण्णांच्या शेजारी मी उभी राहते." साहेबांनी हात उडवला. हो म्हणायचे किती प्रकार असतात बघा.

जुनी हुबळी

धारवाड आणि हुबळीच्या दरम्यान बसचा स्वतःचा रस्ता आहे, रस्त्याच्या मध्येच तिची स्टेशनं. मी घाईत उलट्या बाजूच्या फलाटावर जाऊन उभी राहिले आणि मामा पलीकडून हातवारे करत राहिले. एक बस चुकली. त्यांनी एक शब्दही बोलून दाखवला नाही, आणि मला त्यानं जास्त वाईट वाटलं.

हुबळीला उतरून रिक्षा. कोप्पीकर रोडची दुकानं नुकती उघडत होती, पुढं जुन्या हुबळीच्या गल्ल्या सुरू झाल्या आणि रिक्षा दोन हातगाड्यांच्या मध्ये अडकली. आम्ही उतरून चालत गेलो. कॉलेजच्या शिक्षिकेनं मामांना बघून हातातली चाळणीच खाली ठेवली. "अण्णा, तुम्ही? फोन करायचा, मी पाठवल्या असत्या."

"माश्या माणसाच्या हातानं जातात, ताई. हलवून चालत नाही."

मामीची वायरची पिशवी होती, तिच्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून बाटल्या उभ्या केल्या. कोपऱ्यावर त्यांनी मला गिरमिट खायला घातलं. चुरमुऱ्याला चिंच-गुळाचा, कांद्याचा मसाला, बरोबर मिरचीभजी. आपलं भडंग कोरडं आणि कुरकुरीत, हे ओलसर. मला भडंगच बरं वाटतं, पण भजी मात्र तशी आपल्याकडं होत नाही. उभ्या-उभ्या खाऊन परत बसमध्ये.

परतीच्या बसमध्ये शेजारच्या आजोबांनी विचारलं, "एनरी इदु?" हे काय आहे? मामांनी एक बाटली वर काढून उजेडात धरली. "ही माशी. हिला पंख आहेत, पण आखूड. उडत नाही. का माहितीये?" आजोबा पुढं झुकले. मागची बाई पुढं आली. एका कॉलेजच्या मुलानं कानातलं गाणं काढलं. मामा सांगत राहिले, आणि त्या बसमध्ये दहा माणसं बाटलीत डोकं घालून उभी होती. एकीनं विचारलं, "हिला खायला काय?" मामांनी सांगितलं तर ती म्हणाली, "शिरा? आमच्या सूनबाईला सांगा, तिला रव्याच्या गुठळ्या मोडता येत नाहीत." सगळी बस हसली. ना पोस्टर, ना पडदा.

माझ्या मनात आलं, हे एवढं सोपं असताना हॉलमध्ये तीस पोस्टर कशाला?

शनिवार, साडेबारा

आम्ही पोचलो तेव्हा प्रमुख पाहुण्यांचं भाषण बाहेर चालू होतं. हॉलमध्ये लोक पोस्टरांपुढून चालत होते, देवळात प्रदक्षिणा घालावी तसे. प्राध्यापक इंग्रजीत सांगत, लोक मान हलवत, पुढं जात. मान हलवली म्हणजे समजलं, असं या लोकांना कोण सांगतं? आमच्या लॅबमध्येही माना हलतात. भीतीनं हलतात.

मामा टेबलामागं उभे राहिले. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना. मग त्यांनी एक बाटली हातात घेतली आणि हात ताळ्यावर आले.

"बर्री, अक्का, बर्री. जवळ या. ही चावत नाही."

अर्ध्या तासात इतर टेबलांवरची माणसं इकडं आली. सौम्या भिंग देत होती. मामा कानडीत सांगत, मध्येच मराठीत, विचारेल त्याच्या भाषेत.

एक बाई पुढं आली. मी तिला ओळखलं, सुभाष रोडवरची ती फुलवाली. बरोबर पंधरा-सोळा वर्षांची मुलगी, शाळेच्या गणवेशात. बाईनं बराच वेळ भिंगातून बघितलं. मग एकदम विचारलं, "अण्णा, माझ्या धाकट्या भावाला हिला द्यायची म्हणतायत घरात. हिची बारावी झाली की. लोक म्हणतात पोरं अशक्त होतात. खरंय काय?"

मुलगी जमिनीकडं बघत होती.

बाजूला उभे असलेले विभागप्रमुख पटकन पुढं आले. "बाई, ते विषयाबाहेरचं आहे. सामाजिक प्रश्न आहे. आपण माश्यांबद्दल विचारा."

विषयाबाहेरचं! दिवसभरात त्या हॉलमध्ये कुणी विचारलेला एकमेव खरा प्रश्न, आणि तो विषयाबाहेरचा. मग विषय काय, ती तीस पोस्टर? माझ्या तोंडाशी आलं होतं, पण मला बोलावं लागलं नाही.

"सर, हाच विषय आहे," मामा म्हणाले. त्यांनी तीन बाटल्या ओळीनं मांडल्या. "अक्का, नोड्री, बघा. या पहिल्या बाटलीत एक लांब पंखांची जात, एक आखूड पंखांची. त्यांचं लग्न लावलं. दुसऱ्या बाटलीत त्यांची पोरं. आहे एक तरी आखूड?"

बाईनं बघितलं. "नाही. सगळ्या लांब."

"म्हणजे आखूडपणा गेला?"

"गेला की."

"गेला नाही, दडलाय. आता या दुसऱ्या बाटलीतल्याच बहीण-भावांची लग्नं लावली. घरातल्या घरात. ही तिसरी बाटली, नातवंडं."

बाई भिंगात बघत राहिली. मुलगीही वाकली. मुलगीच म्हणाली, "अव्वा, इथं चालणाऱ्या आहेत."

"चारांत एखादी," मामा म्हणाले. "आपल्या प्रत्येकाच्या अंगात असं काहीतरी दडलेलं असतं, कुणाला माहीत नसतं. एकाच घरातलं दोन्हीकडून आलं की ते बाहेर पडायची शक्यता वाढते. अक्का, मला भीती घालायची नाही. मामाला दिलेल्या कितीतरी पोरींची लेकरं धडधाकट आहेत, मी बघितलीत. पण धोका वाढतो, हे खरं."

"तुमच्यात देत नाहीत?"

मामांनी माझ्याकडं बघितलं नाही. "देतात. माझ्या आक्कानं तिची थोरली मला देऊ केली होती. मी नवीनच लागलो होतो, रोज या तिसऱ्या बाटल्या मोजत होतो. मी नको म्हटलं. पण तिला सांगायला माझ्याकडं शब्द नव्हते, आणि बाटल्या निपाणीला नेता आल्या नाहीत. पाच वर्षं बोलली नाही माझ्याशी."

मी तिथंच उभी होते. आईला मरेपर्यंत वाटत होतं की भावाला आम्ही कमी पडलो. आणि मला राग कुणाचा आला सांगू? त्या इमारतीचा. एका दहावी नापास अटेंडरला बाटल्या मोजून जे उमगलं, ते त्या इमारतीतल्या प्रत्येक डॉक्टरेटवाल्याला पुस्तकातून पाठ होतं. सभोवती गावंच्या गावं मामाला पोरी देत होती. एकानंही खाली उतरून, आमच्या भाषेत, आमच्या आयांना बोलावून सांगितलं नाही. कारण ते विषयाबाहेरचं होतं.

बाई म्हणाली, "पाचपर्यंत आहात ना?" आणि मुलीला घेऊन गेली.

चार वाजता ती परत आली. बरोबर तिची आई, काठी टेकत, आणि तो धाकटा भाऊ, भांड्यांच्या दुकानात काम करणारा, तिशीच्या आतला. मामांनी तिन्ही बाटल्या पुन्हा पहिल्यापासून मांडल्या. म्हातारीनं विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?" मामा म्हणाले, "यांनीच," आणि बाटल्यांकडं बोट केलं. तो भाऊ सगळ्यात जास्त वेळ भिंगाला डोळा लावून उभा होता. शेवटी तो बहिणीला म्हणाला, "अक्का, तिला शिकू दे." म्हातारी भांडली नाही.

विभागप्रमुख मागं उभं राहून ऐकत होते. किती वेळ, मला माहीत नाही. त्यांना चहा हवा होता, तो त्यांनी स्वतः जाऊन आणला. येताना मामांसाठीही एक कप आणला आणि टेबलाच्या कडेला ठेवला. मामा बोलत होते, तो तसाच निवून गेला.

परशुराम, शिक्षण दहावी नापास, हुद्दा अटेंडर, यांनी त्या शनिवारी साडेबारापासून पाचपर्यंत टेबलामागं उभं राहून धारवाडच्या लोकांना आनुवंशिकता समजावून सांगितली, आणि ती लोकांना समजली.